शून्य आणि कोरी जागा: पर्जन्यमापकाच्या प्रोग्रामाच्या नोंदी

४ जुलै

गच्चीवरच्या पर्जन्यमापकाची गेल्या वर्षीची वही भिजून तिचा लगदा झाला. यंदा नोंदी कम्प्युटरवर ठेवायच्या, आणि त्यासाठी तयार ॲप न घेता स्वतः छोटा प्रोग्राम लिहायचा, असं ठरवलं. भाषा पायथन. माझा अनुभव म्हणाल तर पंधरा दिवसांचा.

काम सोपं वाटतंय: रोज सकाळ-संध्याकाळ आकडा विचारायचा, साठवायचा, आठवड्याची सरासरी दाखवायची. आज एवढंच केलं:

पाऊस = १२

पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत व्हेरिएबलचं (ज्या नावाखाली किंमत ठेवायची त्याचं) नाव देवनागरीत चालतं. फक्त बाकीचे शब्द इंग्रजीत आणि आकडे इंग्रजी लागतात. १२ हा आकडा देवनागरीत टाकला तर 'चुकीचं अक्षर' म्हणून प्रोग्राम अडतो. गंमत अशी, की तोच देवनागरी १२ मजकूर म्हणून दिला आणि त्याची संख्या करायला सांगितली, तर पायथन निमूटपणे करून देतो. या नोंदींत मी सगळंच देवनागरीत लिहिणार आहे; पडद्यावर अर्थातच तसं नाही.

शाळेतला 'क्ष' डोक्यातून जायला वेळ लागला. तिथे क्ष शोधायचा असतो आणि एकदा सापडला की तो तोच राहतो. इथे मात्र क्ष = क्ष + १ असं बिनदिक्कत लिहितात. बीजगणिताच्या बाईंनी वहीच फेकली असती. इथे बरोबरचं चिन्ह 'दोन्ही बाजू समान' असं सांगत नाही, 'उजवीकडचं काढ आणि त्याला डावीकडचं नाव दे' असं सांगतं. १५५७ मध्ये गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्डनं हे चिन्ह समानतेसाठी छापलं, प्रोग्रामवाल्यांनी ते दुसऱ्याच कामाला जुंपलं. अल्गोल भाषेनं निदान त्याच्या आधी विसर्गासारखे दोन ठिपके देऊन फरक दाखवला होता. तुलना करायची असेल तर पायथनमध्ये चिन्ह दोनदा लिहायचं.

५ जुलै

सकाळी १२ मिमी, संध्याकाळी ८. प्रोग्रामनं दिवसाचा पाऊस दाखवला १२८ मिमी.

बाहेर धड डबकंही साचलं नव्हतं. आधी वाटलं आकडा टाकताना बोट घसरलं. पुन्हा चालवला, पुन्हा १२८. मग सकाळी ३, संध्याकाळी ४ देऊन पाहिलं: ३४. तेव्हा ट्यूब पेटली, हे बेरीज करत नाहीये, शेजारी शेजारी चिकटवतंय.

कारण असं. इनपुट नावाचं फंक्शन (ठरलेलं काम करून देणारी तयार आज्ञा) कीबोर्डवरून जे घेतं ते नेहमी मजकूरच असतं. मी १ आणि २ या कळा दाबल्या, त्याला 'बारा' कळलेलं नाही, फक्त दोन अक्षरं कळली आहेत. मजकुराला मजकूर मिळवला की जोडून ठेवायचं हा पायथनचा नियम, आणि त्याच्या दृष्टीनं त्यानं तो चोख पाळला. अधिकचं चिन्ह एकच, पण संख्या असेल तर बेरीज, मजकूर असेल तर जोडणी. काय करायचं हे चिन्ह ठरवत नाही, दोन्ही बाजूंच्या किमतींचे प्रकार ठरवतात. डेटा टाइप म्हणजे काय हे पुस्तकात चारदा वाचलं होतं, पण खरं समजलं ते आज.

टाइप हे फंक्शन वापरून विचारलं: सकाळच्या आकड्याचा प्रकार काय? उत्तर 'एसटीआर', म्हणजे स्ट्रिंग, अक्षरांची माळ. मग फ्लोट हे फंक्शन लावून त्याची दशांश चालणारी संख्या केली आणि २०.० मिळाले. ते शेपटीचं '.०' आधी खटकलं. पण तो या प्रकाराचा शिक्काच आहे: पूर्णांक असता तर २० दिसलं असतं.

एकाला मजकूर ठेवून दुसऱ्याची संख्या केली तर काय होतं तेही पाहिलं. तिथे पायथन सरळ एरर देतो, अंदाज बांधत नाही. हे मला फार आवडलं. १२८ सारखं गुळमुळीत चुकीचं उत्तर देण्यापेक्षा तोंडावर 'जमणार नाही' सांगितलेलं बरं.

६ जुलै

आज फक्त नावं बदलली. अ, ब, क कुठलं काय हे दोन दिवसांतच विसरले होते. आता सकाळ_मिमी, संध्याकाळ_मिमी. मधे जागा चालत नाही म्हणून खालची रेघ. नावाची सुरुवात आकड्यानं करता येत नाही.

'वाऱ्याचा_वेग' या नावापाशी अर्धा तास गेला. पडद्यावर अक्षर व्यवस्थित दिसत होतं आणि पायथन म्हणत होता की यात न दिसणारं अक्षर आहे. खरंच होतं. माझा कीबोर्ड अर्धा 'ऱ' काढताना मधे एक अदृश्य जोडचिन्ह घालतो, आणि ते नावात चालत नाही. सध्या नाव 'वेग'. तसाही वेग मोजायला माझ्याकडे काही नाही.

जुन्या फोर्ट्रान भाषेत नावाच्या पहिल्या अक्षरावरून प्रकार ठरायचा: आय ते एन यांपैकी अक्षर असेल तर पूर्णांक, नाहीतर दशांश, वेगळं सांगितलं नसेल तर. म्हणजे नाव बदललं की हिशेबही बदलायचा. पायथनमध्ये नावाला प्रकार नसतो, तो किमतीला असतो.

८ जुलै

भाची सुट्टीला आली आहे, आणि सकाळचा आकडा घ्यायचं काम तिनं आपणहून घेतलं. तिनं लिहिलं '१२.५ मिमी'. फ्लोट कोसळला. मग '१२,५' लिहिलं, तरी कोसळला. माणसाला दोन्ही वाचता येतं, फ्लोटला नाही.

स्वल्पविरामाचं सोडवलं. 'मिमी' मात्र मुद्दाम सोडवलं नाही. उलट प्रश्नच बदलला: 'किती मिमी? (फक्त आकडा)'. साठवलेल्या १२.५ ला आपण मिलिमीटर आहोत की सेंटिमीटर हे ठाऊक नसतं. डेटा टाइप एवढंच सांगतो की ही दशांश संख्या आहे. ती कशाची, हे लक्षात ठेवणं आपल्या अंगावर. मंगळाकडे पाठवलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर सप्टेंबर १९९९ मध्ये गमावलं ते याच जातीच्या घोटाळ्यात. एका प्रोग्रामनं आकडे पाउंड-बलाच्या मापात दिले, दुसऱ्यानं ते न्यूटनचे समजून वापरले. दोन्हीकडे संख्याच होत्या, प्रकारात खोट नव्हती. म्हणून माझ्या प्रत्येक नावाला आता '_मिमी' शेपूट आहे. लांबलचक दिसतं, दिसू दे.

अजून एक बदल. पाऊस = फ्लोट(पाऊस) असं लिहीत होते: आधी त्या नावाखाली मजकूर, पुढच्या ओळीत त्याच नावाखाली संख्या. पायथनला चालतं. पण मधल्या ओळीत काही शोधायचं असलं की आत्ता हे नेमकं काय आहे ते मलाच कळत नाही. दोन नावं केली: पाऊस_मजकूर आणि पाऊस_मिमी. सीसारख्या भाषेत नावाचा प्रकार आधीच जाहीर करावा लागतो, तिथे हा गोंधळ घालताच येत नाही.

९ जुलै

पाऊस नाही. शून्य टाकलं आणि झोपले.

१० जुलै

दिवसभर बाहेर होतो दोघी. आकडा घेतलाच नाही. रात्री प्रोग्रामनं विचारलं, मी नुसतं एंटर दाबलं. रिकाम्या मजकुराची संख्या होत नाही, त्यामुळे एरर. सध्यापुरतं: रिकामं असेल तर शून्य धर. उद्या नीट बघते.

१२ जुलै

नीट बघितलं ते बरं झालं. पाच दिवसांचे आकडे समोर मांडले: १२, ८, ०, घेतलाच नाही, ५. यांची सरासरी किती?

कालपर्यंतच्या प्रोग्रामनं हुकलेल्या दिवसाला शून्य धरलं: २५ भागिले ५, म्हणजे ५. पण त्या दिवशी पाऊस पडला नाही असं मी कुठे म्हटलंय? पडलाही असेल. मला माहीत नाही एवढंच खरं.

मग एक चलाखी केली. हुकलेल्या दिवसासाठी वजा एक लिहायचं, कारण पाऊस काही उणे पडत नाही. खूण म्हणून झकास. पण सरासरी काढणाऱ्या ओळीला ही खूण कोणी सांगितलीच नव्हती. तिनं वजा एकही मिळवला: २४ भागिले ५, ४.८. जी किंमत संख्येच्या वेशात येते तिला गणित संख्येसारखंच वागवणार.

पायथनमध्ये याच्यासाठी 'नन' नावाची वेगळी किंमत आहे. ती संख्या नाही, मजकूर नाही, तिचा प्रकारच स्वतंत्र. तिच्यात काही मिळवायला गेलं की एरर येते, आणि मला आता तेच हवं होतं. हुकलेल्या दिवशी नन ठेवला, आणि सरासरीच्या आधी अट घातली: 'जर पाऊस_मिमी' असेल तरच मोज. उत्तर ८.३३.

हे बरोबर वाटलं. चहा घेऊन बसले. भाची पडद्यावरची यादी वाचत होती.

"मावशी, नऊ तारखेला 'नोंद नाही' का लिहिलंय? मी स्वतः पाहिलं होतं, भांडं ठणठणीत कोरडं होतं. तू शून्य टाकलंस की माझ्यासमोर."

पोरीचं खरं होतं. 'जर पाऊस_मिमी' या अटीत पायथनला हो किंवा नाही असं उत्तर लागतं. मी तुलना कसलीच दिली नाही, तेव्हा तो किमतीकडे बघूनच ठरवतो. नन म्हणजे नाही. रिकामा मजकूर म्हणजे नाही. आणि शून्य म्हणजेही नाही! म्हणून कोरडा दिवस आणि हुकलेला दिवस दोघांनाही त्यानं एकाच दारातून बाहेर काढलं: २५ भागिले ३.

अट बदलली: 'जर पाऊस_मिमी हा नन नसेल तर'. २५ भागिले ४, ६.२५.

एकाच वहीतून चार सरासऱ्या निघाल्या: ५, ४.८, ८.३३, ६.२५. एकदाही एरर आली नाही, एकदाही लाल अक्षर दिसलं नाही. शून्य ही माहिती आहे, कोरी जागा ही माहिती नसणं आहे. कागदाच्या वहीत मी हे दोन न शिकवता वेगळे लिहीत आले. इथे मला ते प्रकारानं वेगळे करावे लागले.

१३ जुलै

फाइलमध्ये साठवणं सुरू केलं आणि लगेच आपटले. ओळ तयार करताना सगळ्याचा मजकूर करत होते, त्यामुळे हुकलेल्या दिवशी फाइलमध्ये 'नन' हा चक्क शब्द लिहिला गेला, इंग्रजी चार अक्षरांचा. दुसऱ्या दिवशी वाचताना फ्लोटला तो पचेना. आता हुकलेल्या दिवसाची जागा फाइलमध्ये खरोखर रिकामी ठेवते आणि वाचताना रिकाम्याचा नन करते.

'काहीच नाही' याला भाषेत जागा द्यायची कशी, यावर मोठ्यांचंही एकमत नाही. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत 'नल' आणला आणि २००९ मध्ये एका व्याख्यानात त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. माझं नुकसान दोन संध्याकाळींचं.

१६ जुलै

रिमझिम. तीन वेळा ०.२ मोजला. एकूण दिसला:

०.६००००००००००००००१

शेवटचा तो १ कुठून आला? कम्प्युटर दशांश संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून ठेवतो. अर्धा, पाव, अष्टमांश यांच्या बेरजेत जे बसतं ते नेमकं बसतं. ०.२ बसत नाही, जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहिताना ०.३३३ कुठेतरी तोडावं लागतं. साठवायला ६४ बिट, म्हणजे ० किंवा १ च्या ६४ जागा ठरलेल्या (हे मानक १९८५ पासूनचं, फक्त पायथनचं नाही), म्हणून जवळची संख्या ठेवली जाते. उरलेली किंचितशी खोट बेरजेत वर येते.

नुसतं दाखवायचं असेल तर एका दशांश स्थळापर्यंत छापून काम भागतं. पण मी 'एकूण बरोबर ०.६ आहे का' अशी तुलना केली होती आणि उत्तर 'फॉल्स', म्हणजे खोटं, येत होतं. माझं मापक पाव-अर्धा काही दाखवत नाही, मिलिमीटरचा दहावा भाग हीच त्याची शेवटची रेघ. मग दशांश हवेतच कशाला? आतून पूर्णांक ठेवायचे ठरवलं: १२.५ मिमी म्हणजे १२५ दशमांश. मोजायची वस्तू सुटी सुटी मोजता येत असेल तर पूर्णांक बिनचूक राहतो, आणि पायथनचा पूर्णांक कितीही मोठा होऊ शकतो. सगळीकडे तसं नसतं. १९९६ च्या जूनमध्ये एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. त्यात ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली जात होती. १६ बिटांत ३२७६७ च्या पुढे जागाच नाही.

बदलताना एक खड्डा वेळेवर दिसला. इंट हे फंक्शन जवळच्या पूर्णांकाकडे नेत नाही, दशांशाचा भाग कापून टाकतं. सहज म्हणून ०.२९ ला १०० नं गुणलं: २८.९९९९९९९९९९९९९९६. त्याचा इंटनं केला २८. म्हणून आधी राउंड, ते जवळच्या पूर्णांकाकडे नेतं.

१७ जुलै

मापक साफ केलं का, असा हो-नाही प्रश्न घातला. 'नाही' लिहिलं तरी प्रोग्राम साफ केलं असंच धरत होता. 'नाही' हा शब्द मजकूर आहे आणि रिकामा नाही, म्हणून खरं की खोटं ठरवणाऱ्या बूल फंक्शनच्या लेखी तो खराच. आता उत्तराची थेट 'हो'शी तुलना करते. त्या तुलनेतूनच ट्रू (खरं) किंवा फॉल्स मिळतं. या प्रकाराला बूलियन म्हणतात, जॉर्ज बूल या गणितज्ञावरून.

२० जुलै

आठवडा संपला की यादी पुढच्या नावाकडे द्यायची आणि चालू यादी रिकामी करायची:

मागचा_आठवडा = हा_आठवडा

मग हा_आठवडा रिकामा केला. मागचाही रिकामा झाला. सात दिवसांचे आकडे गेले (भाचीनं ते कागदावरही लिहिले होते म्हणून वाचले. मी तिला त्यावरून हसले होते).

'व्हेरिएबल म्हणजे डबा' ही माझी समजूत इथे फुटली. डबा असता तर दुसऱ्या डब्यात ओतलेलं तिथेच राहिलं असतं. इथे यादी एकच आणि तिला दोन चिठ्ठ्या अडकवलेल्या. बरोबरच्या चिन्हानं नवी यादी होत नाही, नवी चिठ्ठी लागते. संख्यांच्या बाबतीत हे कधी जाणवलं नाही, कारण संख्या आतून बदलता येत नाही: अ = ५, ब = अ, मग अ = ६ केलं तर 'अ'ची चिठ्ठी ५ वरून निघून ६ ला लागते, ब तिथेच. यादी मात्र आहे त्या जागी बदलते. आता प्रत काढून देते.

२३ जुलै

सर्वांत जास्त पावसाचा दिवस विचारला. उत्तर ९५ दशमांश. यादीत १२० होते, १०४ होते. फाइलमधून वाचलेलं पुन्हा मजकूरच असतं आणि मी त्या एका ठिकाणी बदल करायला विसरले. मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते, ९ हे १ च्या नंतरचं, संपलं. तीच चूक, अठरा दिवसांनी, नव्या कपड्यांत.

तारखांनाही हाच आजार. '५-७' आणि '१२-७' मजकूर म्हणून लावले तर १२ आधी येते. वर्ष-महिना-दिवस असं, एकआकडीपुढे शून्य देऊन लिहिलं तर मजकूर म्हणूनही क्रम बरोबर लागतो.

उलट्या बाजूची चूकही असते: मजकुराला उगाच दुसरं काही समजणं. स्प्रेडशीट काही जनुकांची नावं तारखा समजून बदलायचे, 'मार्च १' सारखी. शेवटी २०२० मध्ये जनुकांच्या नावांची समिती नमली आणि तिनं नावंच बदलली.

(शीर्षक सरळ रेषेत आणताना कळलं: 'नोंद' या शब्दाची लांबी पायथन ४ सांगतो. ओकार आणि अनुस्वार वेगळे मोजतो. रकाने अजून वाकडेच आहेत.)

२६ जुलै

आज पहाटे नुसता शिडकावा. भाचीनं भांडं आणून दाखवलं: आतून ओलं, पण पाणी पहिल्या रेघेपर्यंत पोचलेलं नाही.

"काय टाकू मावशी? शून्य?"

शून्य म्हणजे कोरडं, आणि हे कोरडं नाही. नन म्हणजे पाहिलं नाही, आणि पाहिलंय तर दोघींनी. ०.१ म्हणजे मोजलं, तेही नाही. हवामानाच्या नोंदींत अशा मोजता न येणाऱ्या पावसाला 'ट्रेस' म्हणून वेगळं लिहितात, म्हणजे हा पेच माझ्या एकटीचा नाही. बेरजेत तो शून्यच धरला जातो.

एक नवा व्हेरिएबल घेतला, ओलावा, प्रकार बूलियन. पाऊस ० दशमांश, ओलावा ट्रू. तिनं टाकलं, एंटर दाबला, आणि फाइल उघडून ती ओळ खरंच तशी गेली आहे ना ते पाहिलं.